लिझावेताचं पुस्तक

'क्राइम अँड पनिशमेंट' न वाचलेल्यांनाही त्या कादंबरीची गोष्ट साधारण ठाऊक असते. पीटर्सबर्गमधला एक कंगाल विद्यार्थी सावकारी करणाऱ्या म्हातारीचा कुऱ्हाडीनं खून करतो. पुढे त्याचं मन त्याला खात राहतं. शेवटी सोन्या नावाच्या एका भाविक मुलीच्या प्रेमामुळे तो गुन्हा कबूल करतो आणि त्याला पश्चात्ताप होतो. रील्समधून आणि 'वाचायलाच हवीत अशी दहा पुस्तकं' छापाच्या याद्यांमधून हाच सारांश फिरत असतो.

या सारांशात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे, खून एक नाही, दोन आहेत. दुसरी म्हणजे, रास्कोल्निकोव्ह कबुली देतो तेव्हा त्याला पश्चात्ताप झालेला नसतो. कबुलीनंतर कितीतरी महिने, सैबेरियातल्या तुरुंगातही, तो झालेला नसतो. माझ्या मते या दोन चुका मुळात एकच आहेत. दुसरा खून आपण जसा विसरतो, तसाच रास्कोल्निकोव्हही विसरतो. आणि तो विसरतो म्हणूनच त्याची कबुली पोकळ राहते. (पुढे कादंबरीचा शेवट उघड केला आहे. पण दीडशे वर्षं जुन्या पुस्तकाला स्पॉइलरची भीती नसावी.)

आधी शब्दांकडे बघू. मराठी बायबलमध्ये 'पश्चात्ताप' हा शब्द येतो. पश्चात् म्हणजे नंतर आणि ताप म्हणजे जळणं, म्हणजे करून बसल्यावर होणारी जळजळ. पण नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे 'मेटानोइया', त्याचा अर्थ मन पालटणं. जळजळ मागे बघते, मन पालटणं पुढे बघतं. ख्रिस्ती परंपरेत या दोन अर्थांची ओढाताण कायम राहिली आहे. कॅथलिक चर्चनं पापक्षालनाच्या संस्कारात माणसानं करायच्या तीन गोष्टी ठरवल्या: मनापासून खेद, धर्मगुरूपुढे कबुली आणि भरपाई. १२१५ सालच्या लॅटरन परिषदेनं वर्षातून किमान एकदा कबुली देणं प्रत्येकाला बंधनकारक केलं. १५१७ साली लूथरनं आपले ९५ मुद्दे मांडले, तेव्हा त्यातला पहिलाच मुद्दा असा होता की श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असायला हवं. म्हणजे तो एका विधीत उरकायचा विषय नव्हे.

दोस्तोयेव्हस्की रशियन ऑर्थोडॉक्स परंपरेतला. तिथं कबुली देणारा येशूच्या प्रतिमेसमोर उभा राहतो. धर्मगुरू त्याच्या शेजारी असतो, तो न्यायाधीश कमी आणि साक्षीदार जास्त. मोठा उपवासकाळ सुरू होण्याआधीचा रविवार 'क्षमेचा रविवार' म्हणून पाळतात. त्या दिवशी लोक एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतात. सासू सुनेपुढे वाकते, धर्मगुरू भक्तांपुढे वाकतो. देवाकडे जाण्याआधी माणसाकडे जायचं, असा त्यातला क्रम. डोंगरावरच्या प्रवचनात येशूही असंच काहीसं सांगतो: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग ये.

हा क्रम लक्षात ठेवून कादंबरी वाचली की एक गोष्ट दिसते. हे पुस्तक कबुलीजबाबांनी खच्चून भरलेलं आहे आणि त्यातले बहुतेक बिघडलेले आहेत.

पहिली कबुली अगदी सुरुवातीलाच आहे. मार्मेलादोव्ह नावाचा दारुडा, नोकरी गेलेला कारकून गुत्त्यात रास्कोल्निकोव्हला गाठतो आणि आपली कहाणी सांगतो. पगार दारूत उडवला. उरलेले पैसे बायकोच्या पेटीतून चोरले. तिचे पायमोजेसुद्धा विकून प्यायलो. घर चालवण्यासाठी मुलीला, सोन्याला, शरीर विकावं लागलं, आणि आज सकाळी त्याच मुलीकडून दारूला तीस कोपेक घेऊन आलो. तो काहीही लपवत नाही. शेवटच्या निवाड्याच्या दिवशी देव आपल्यासारख्या दारुड्यांनाही जवळ बोलावेल, असं तो रडत, हात पसरून सांगतो. गुत्त्यातले लोक हसतात. त्यांच्या बोलण्यावरून कळतं की हे भाषण त्यांनी आधीही ऐकलेलं आहे. इतकी सच्ची, सविस्तर कबुली, आणि तिच्यानं काहीएक बदलत नाही. कबुली हेच त्याचं दुसरं व्यसन आहे.

मार्मेलादोव्हच्या वाट्याला पुढे आणखी दोन कबुल्या येतात. तो गाडीखाली सापडतो, मरायला टेकतो. धर्मगुरू येतो, रीतसर विधी होतो, तो काही क्षणांत आटोपतो. देव दयाळू आहे, असं धर्मगुरू बायकोला सांगू पाहतो. ती खोकत खोकत क्षमेच्या या गोष्टी नुसते शब्द आहेत म्हणून उडवून लावते. मग दारात सोन्या येते, रस्त्यावरच्या धंद्याचे भडक, स्वस्त कपडे घातलेली. बापानं तिला या वेशात कधी पाहिलेलं नसतं. तो तिला हाक मारतो, क्षमा मागतो, हात पुढे करतो आणि खाली कोसळतो. गुत्त्यातलं भाषण कित्येक पानांचं होतं, हे जेमतेम दोन-तीन शब्दांचं आहे. पण गुत्त्यात सोन्या समोर नव्हती, इथं आहे. दोस्तोयेव्हस्की कुठलीही टिप्पणी न करता हे दोन प्रसंग शंभरेक पानांच्या अंतरावर ठेवतो आणि पुढे निघून जातो.

दुसरी बिघडलेली कबुली मिकोल्काची. हा रंगारी पोरगा खून झाला तेव्हा त्याच इमारतीत काम करत होता. दाराआड पडलेली कानातली त्याला सापडली आणि तो संशयात अडकला. पोर्फिरी हा तपास अधिकारी रास्कोल्निकोव्हला अगदी कोंडीत पकडत असतानाच मिकोल्का आत घुसतो आणि गुडघे टेकून सांगतो की खुनी मी. पोर्फिरीला त्याचं मन बरोबर कळतं. मिकोल्का जुन्या कर्मठ पंथातल्या घरातला, एका साधुपुरुषाच्या सहवासात राहिलेला. त्याला कोणासाठी तरी नव्हे, तर दुःख सोसायचं म्हणून दुःख सोसायचं आहे. मार्मेलादोव्हपाशी पाप आणि कबुली आहे, बदल नाही. मिकोल्कापाशी पापच नाही, तरी कबुली आहे.

आता रास्कोल्निकोव्ह. सोन्याच्या खोलीत तो खून उघड करतो तो प्रसंग मी अनेकदा वाचला आहे. 'मी मारलं' हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. तो तिला ओळखायला लावतो. ती घाबरून हात पुढे करत मागे सरकते आणि त्या क्षणी त्याला तिच्या चेहऱ्यात लिझावेताचा चेहरा दिसतो. कुऱ्हाड उगारली तेव्हा लिझावेतानंही असाच, लहान मूल घाबरावं तसा, हात पुढे केला होता. कादंबरीत तो पश्चात्तापाच्या सर्वांत जवळ येतो तो इथं. पण पुढच्याच काही पानांत तो बोलू लागतो. नेपोलियन, सामान्य आणि असामान्य माणसं, धाडस, सत्ता. शेवटी त्याचं म्हणणं असं येतं की मी त्या म्हातारीला मारलं नाही, मी स्वतःला मारलं. सिनेमात हे वाक्य टाळ्या घेईल. पण त्यात काय झालं ते पाहा. मेलेल्या बायका बाजूला सरल्या आणि बळीच्या जागी तो स्वतः जाऊन बसला.

सोन्या त्याला काय सांगते? आत्ताच्या आत्ता चौकात जा, जी माती तू विटाळलीस तिचं चुंबन घे, चारही दिशांना वाकून नमस्कार कर आणि मी मारलं असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. मंत्र, पूजा, चर्च यांतलं काहीच नाही. माती, चौक आणि माणसं. तो जातो. बाजारात गुडघे टेकतो, मातीचं चुंबनही घेतो. लोक हसतात, हा प्यायलेला दिसतोय म्हणतात, आणि जे शब्द बोलायचे होते ते ओठातच राहतात. मग तो पोलीस चौकीत जातो, न बोलताच बाहेर येतो. अंगणात उभ्या सोन्याचा पांढराफटक चेहरा बघून परत आत जातो आणि बोलतो.

गोम अशी की चौकीकडे निघण्याआधी त्यानं बहिणीचा, दून्याचा, निरोप घेतलेला असतो. ती गुन्हा हा शब्द उच्चारते आणि तो भडकतो. कसला गुन्हा? एका घाणेरड्या, गरिबांचं रक्त पिणाऱ्या म्हातारीला मारणं हा गुन्हा? कबुली द्यायला निघालेला माणूस हे बोलतोय. पोर्फिरीनं त्याला सुचवलेलं असतं की आपणहून आलास तर शिक्षा सौम्य होईल. तसंच होतं. कोर्ट त्याची कबुली, आजारपण, चोरलेले पैसे न वापरणं, पूर्वी आजारी मित्राला केलेली मदत हे सगळं जमेस धरतं आणि आठ वर्षांची सक्तमजुरी देतं. कायद्याच्या हिशेबात फाइल बंद.

इथं एखादा लेखक थांबला असता. दोस्तोयेव्हस्की उपसंहार लिहितो आणि त्यात शांतपणे सांगतो की या माणसाला अजून पश्चात्ताप झालेला नाही. तुरुंगात तो आजारी पडतो तो दुखावलेल्या अभिमानामुळे. आपली चूक एवढीच, की आपल्याला ते पेललं नाही आणि आपण जाऊन सांगून बसलो, असं त्याला वाटतं. उपवासकाळात तो इतरांबरोबर चर्चमध्ये जातो, प्रार्थना करतो. तिथून भांडण होतं आणि कैदी तू नास्तिक आहेस म्हणून त्याच्या अंगावर धावून जातात. कबुली झाली, शिक्षा चालू आहे, धार्मिक विधीही होताहेत, पण मन तिथंच आहे. दोस्तोयेव्हस्कीनं हे स्वतः पाहिलेलं होतं. १८४९ मध्ये खोट्या मृत्युदंडाच्या नाटकातून वाचल्यावर त्यानं चार वर्षं ओम्स्कच्या तुरुंगात काढली. त्या अनुभवावरच्या 'द हाउस ऑफ द डेड'मध्ये तो लिहितो की इतक्या वर्षांत आपल्याला या लोकांत पश्चात्तापाची खूण दिसली नाही.

मग अडलंय कुठे? माझ्या वाचनात उत्तर एकच येतं: लिझावेता.

लिझावेता ही म्हातारीची सावत्र बहीण. पस्तिशीची, उंच, बावळट दिसणारी, भित्री, मवाळ. बहीण तिला राबवते, मारते. ती लोकांचे जुने कपडे विकून देते, शिवणकाम करते. रास्कोल्निकोव्हच्या आयुष्यात ती येते तीच एक माहिती म्हणून. उद्या संध्याकाळी सात वाजता लिझावेता घरी नसेल, हे त्याला बाजारात अचानक ऐकू येतं आणि खुनाची वेळ ठरते. त्याच्या योजनेत लिझावेता म्हणजे एक रिकामा स्लॉट. ती अवेळी परत येते आणि मारली जाते. म्हातारीला मारण्यासाठी त्याच्याकडे तत्त्वज्ञान होतं, लेख होता, हिशेब होता. लिझावेतासाठी काहीच नव्हतं. तिचा खून त्याच्या कुठल्याच सिद्धांतात बसत नाही, म्हणून तो तिच्याबद्दल विचारच करत नाही. एकदा त्याच्या स्वतःच्याच हे लक्षात येतं: आपण जणू तिला मारलंच नाही, अशी ती आपल्याला आठवत कशी नाही? आणि मग तो प्रश्न विरून जातो.

खुनानंतर तो तापानं फणफणून पडलेला असताना मोलकरीण नास्तास्या सहज बोलून जाते: लिझावेतालाही मारलं की, ती इथं यायची, तुझा शर्टसुद्धा तिनं शिवून दिला होता. तो भिंतीकडे तोंड फिरवतो आणि भिंतीवरच्या कागदातल्या एका फुलाच्या पाकळ्या न्याहाळू लागतो. मानवजातीचं भलं, इतिहासाला कलाटणी देणारी माणसं, या सगळ्या चर्चेपुढे हा एक शिवलेला शर्ट आहे. त्याची भरपाई कशानं करायची? चौकीतल्या कबुलीत लिझावेताचं नाव आहे. म्हातारीला आणि तिच्या बहिणीला मारलं असं तो स्पष्ट सांगतो. पण ते नोंदीतलं नाव आहे. ज्या बाईनं आपला शर्ट शिवला ती, असं तो तिच्याकडे कधी बघतच नाही.

उपसंहाराच्या शेवटी बदल होतो. ईस्टर उलटून गेलेला असतो. एका सकाळी नदीकाठी तो अचानक सोन्याच्या पायाशी कोसळतो आणि रडतो. अनेक समीक्षकांना हा शेवट ओढूनताणून जोडलेला वाटत आला आहे. पाचशे पानं इतका कठोर राहिलेला लेखक अखेरीस श्रद्धेपायी सैल पडला, असा साधारण आक्षेप. माझा आक्षेप वेगळा आहे. मला तो बदल खोटा वाटत नाही, अपुरा वाटतो. तो ज्या स्त्रीच्या पायाशी पडतो ती जिवंत आहे, त्याच्यावर प्रेम करते, त्याच्यासाठी सैबेरियात आली आहे. तिच्यापुढे वाकणं तुलनेनं सोपं आहे. ज्या स्त्रीपुढे वाकायला हवं ती मेली आहे, आणि त्या सकाळी तिचं नाव कोणीच घेत नाही, ना तो, ना सोन्या, ना निवेदक.

पण दोस्तोयेव्हस्की तिला विसरला आहे का? इथं एका वस्तूचा माग काढावा लागतो. कादंबरीच्या मध्यावर सोन्या रास्कोल्निकोव्हला लाझरसच्या पुनरुत्थानाची कथा वाचून दाखवते. ज्या पुस्तकातून ती वाचते तो नवा करार जुना, हाताळलेला, चामडी बांधणीचा आहे. हे कुठून आणलंस, असं तो विचारतो. लिझावेतानं आणून दिलं, असं ती सांगते. दोघी मिळून वाचायच्या. दोघींनी गळ्यातल्या वस्तूंची अदलाबदलही केलेली असते: लिझावेताचा तांब्याचा क्रूस सोन्याकडे, सोन्याची छोटी प्रतिमा लिझावेताकडे. शेवटी सोन्या आपला लाकडी क्रूस रास्कोल्निकोव्हच्या गळ्यात घालते आणि स्वतः लिझावेताचा घालते. म्हणजे सैबेरियात ती त्याला भेटते तीसुद्धा मेलेल्या मैत्रिणीची आठवण बरोबर घेऊन.

आणि तुरुंगात त्याच्या उशीखाली तेच पुस्तक आहे. निवेदक मुद्दाम सांगतो की लाझरसची कथा वाचली होती तेच हे. ते त्यानं स्वतः मागून घेतलं, पण अजून एकदाही उघडलेलं नाही. नदीकाठच्या सकाळीनंतरही, त्या रात्री, तो ते हातात घेतो पण उघडत नाही. दोस्तोयेव्हस्कीच्याही उशीखाली चार वर्षं असाच एक नवा करार होता. तोबोल्स्कला राजद्रोही डिसेंब्रिस्टांच्या बायकांनी दिलेला. त्यामुळे समीक्षक ही खूण लेखकाच्या आयुष्याशी जोडतात, आणि ते बरोबरच आहे. पण कादंबरीच्या आत ते पुस्तक लिझावेताचं आहे. ज्या बाईचा खून झाला तिचं पुस्तक खुन्याच्या उशीखाली, न उघडलेलं. पुढचं आयुष्य त्याला फुकट मिळणार नाही, त्याची मोठी किंमत मोजावी लागेल, ती वेगळी गोष्ट होईल, एवढं सांगून निवेदक थांबतो. मला वाटतं, पश्चात्ताप झाला असं दोस्तोयेव्हस्की म्हणतच नाही. तो कुठून सुरू व्हायला हवा, तेवढं दाखवून तो थांबतो.

या वाचनाला कादंबरीच्या जन्मकथेतूनही थोडा आधार मिळतो. १८६५ मध्ये दोस्तोयेव्हस्की ही गोष्ट खुनी स्वतःच सांगतो आहे अशी, कबुलीजबाबाच्या रूपात लिहीत होता. मग त्यानं तो मजकूर जाळला आणि तृतीयपुरुषी निवेदन घेऊन नव्यानं सुरुवात केली; १८६६ मध्ये कादंबरी 'रुस्की वेस्तनिक' मासिकात क्रमशः आली. खुनी स्वतः सांगत असता तर नास्तास्यानं शर्टाबद्दल सांगितल्यावर आपण भिंतीवरचं फूल बघत बसलो, हे त्यानं सांगितलं असतं का? कबुली देणारा स्वतःबद्दल सगळं सांगतो. आपल्याला काय दिसत नाही, तेवढं त्याला सांगता येत नाही. पुढे 'डेमन्स'मध्ये दोस्तोयेव्हस्की आणखी धारदार झाला. त्यातल्या स्ताव्रोगिननं आपल्या भयंकर पापाची लेखी कबुली तीनशे प्रतींत छापून आणलेली असते आणि तो ती तिखोन या धर्मगुरूला वाचायला देतो. तिखोन वाचतो आणि ती प्रसिद्ध करू नकोस असं सुचवतो. त्या कागदात पश्चात्तापाबरोबर त्याला प्रेक्षकही दिसतात. हे प्रकरण संपादक कात्कोव्हनं तेव्हा छापलं नाही. ते १९२२ मध्ये प्रकाशात आलं.

तीनशे प्रती ही संख्या आज किती किरकोळ वाटते. आपल्या पिढीनं जाहीर कबुलीचा जेवढा साठा पाहिलाय तेवढा बहुधा आधी कोणी पाहिला नसेल. काळ्या स्क्रीनवरच्या पांढऱ्या अक्षरांतली माफी, मेकअप न करता केलेला सॉरी व्हिडिओ, 'मी स्वतःला शोधतोय, मला वेळ द्या'. यातल्या सगळ्याच खोट्या असतात असं मी म्हणणार नाही. मार्मेलादोव्हही खोटं बोलत नव्हता. मी ख्रिस्ती नाही, पण या कादंबरीनं मला एक ख्रिस्ती कसोटी दिली आहे आणि ती मी वापरतो: या मजकुरात ज्याला दुखावलं तो माणूस कुठे आहे? त्याचं नाव, त्याचं काम, त्यानं कधीतरी शिवून दिलेला शर्ट? की मजकूरभर फक्त बोलणाराच आहे, त्याचं दुःख, त्याचा प्रवास, त्याचं सावरणं? प्रामाणिकपणा मोजणं अवघड आहे. समोरचा माणूस त्यात आहे की नाही, हे मात्र शब्द वाचून कळतं.

कादंबरी पुन्हा हातात घ्याल, किंवा पहिल्यांदा घ्याल, तेव्हा पेन्सिल जवळ ठेवा आणि लिझावेताचं नाव येईल तिथं खूण करत जा. खुणा फार होणार नाहीत. रास्कोल्निकोव्हला शिक्षेची सात वर्षं अजून काढायची आहेत आणि ते पुस्तक अजून त्याच्या उशीखाली आहे.